दादासाहेब फाळके, निर्माता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१६ फेब्रुवारी, ३० एप्रिल आणि ३ मे. या तीन तारखा जवळ आल्या की आमच्या गावच्या वाचनालयात फाळक्यांबद्दल विचारणा सुरू होते. शाळेतली पोरं भाषणासाठी येतात. मास्तर लोकांना फलकावर लिहायला मजकूर हवा असतो. दंडार (आपल्या पूर्व विदर्भाचं लोकनाट्य) आणि झाडीपट्टीच्या, म्हणजे याच भागातल्या, नाटकात कामं करणारी मंडळी मात्र वेगळंच विचारतात : पैसा कुठून आणला, भागीदार कोण होते, नाटकवाल्याला सिनेमा काढता येईल का. आमचा स्वतःचा ओढाही याच प्रश्नांकडे आहे. त्यामुळे इथे कलेपेक्षा खिशाच्या गोष्टी जास्त सापडतील. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फाळके म्हणजे नेमके कोण? पोरीला दोन मिनिटांचं भाषण आहे, तेवढंच सांगा.

धुंडिराज गोविंद फाळके. जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर, नाशिक जिल्हा. वडील संस्कृतचे शास्त्री होते, पुढे मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवायचे. फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट काढला आणि ३ मे १९१३ रोजी तो मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लोकांसाठी लागला. त्यानंतर पंचवीसेक वर्षांत त्यांच्या नावावर ९०हून अधिक चित्रपट आणि पुष्कळ छोट्या फिल्मा जमा झाल्या. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं. भाषणाला एवढं पुरे. वेळ उरलाच तर त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंबद्दल बोलायला सांगा (प्रश्न ६), ते सहसा कुणी बोलत नाही.

२. ते थेट सिनेमातच आले का? आधी काय करत होते?

सिनेमात पाऊल टाकलं तेव्हा चाळिशी उलटली होती. त्याआधी मुंबईचं जे. जे. कलाशाळा आणि बडोद्याचं कलाभवन झालं. गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला. तिथे प्लेगमध्ये पहिली बायको आणि मूल गेलं. मग जादूचे प्रयोग केले, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, ती सोडून लोणावळ्याला छापखाना काढला. तो पुढे दादरला आला. रंगीत छपाईचं तंत्र शिकायला १९०९मध्ये जर्मनीला जाऊन आले. छापखाना चांगला चालला होता, पण भागीदारांशी बिनसलं आणि त्यांनी अंग काढून घेतलं.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. पुढे दोनदा तेच होणार आहे.

यातला एकही धंदा वाया गेला नाही. फोटोग्राफीतून कॅमेरा कळला, छापखान्यातून रसायनं आणि कामगार सांभाळणं कळलं, जादूतून पडद्यावर माणूस गायब कसा करायचा ते कळलं.

३. पैसा आणला कुठून जी? घरदार गहाण टाकलं म्हणतात.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि आम्हाला सगळ्यात आवडणाराही.

१९११च्या ईस्टरला गिरगावात तंबूतल्या सिनेमात त्यांनी येशूच्या चरित्राची फिल्म पाहिली आणि आपल्याकडचे राम-कृष्ण असे पडद्यावर का दिसू नयेत, हा किडा डोक्यात शिरला. त्यानंतर महिनोन्महिने सिनेमे पाहणं, मिळतील ती यंत्रं घरी आणून खटपट करणं, रात्रंदिवस जागणं सुरू झालं. त्यात डोळे गेले, काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परत आली.

मग लंडनला जायचं ठरलं. हातात पैसा नव्हता, पण विमा होता. तो तारण ठेवून दहा हजार उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ला बोटीत बसले. लंडनमध्ये ओळखपाळख कुणाची नाही. तरी 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या कचेरीत जाऊन संपादक कॅबर्न यांना गाठलं. त्यांनी आधी या फंदात पडू नका असंच सांगितलं, पण माणूस हटत नाही म्हटल्यावर निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओपर्यंत पोचवलं. विल्यमसन कॅमेरा घेतला, कच्च्या फिल्मची आणि ती फिल्म कडेने भोकं पाडायच्या यंत्राची मागणी नोंदवली, आणि १ एप्रिलला मुंबईत परत. दोन महिन्यांत सगळं.

कॅमेरा आला, पण चित्रपटाला भांडवल कुठे होतं? इथे त्यांनी जे केलं त्याला आम्ही मानतो. त्यांनी लोकांपुढे नुसत्या गप्पा मारल्या नाहीत. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, कॅमेरा एका जागी रोवला आणि अंकुर फुटून वेल चढेपर्यंत महिनाभर थोडी थोडी फिल्म घेत राहिले. पडद्यावर ते झाड मिनिटभरात वाढताना दिसायचं. ही 'अंकुराची वाढ' पाहून फोटोच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी कर्ज द्यायला तयार झाले. बाकीची भर सरस्वतीबाईंच्या दागिन्यांनी घातली. ज्या कास्तकाराच्या घरात पेरणीच्या तोंडावर मंगळसूत्र सावकाराकडे गेलं आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

४. 'राजा हरिश्चंद्र'ला खर्च किती आला? लांबी कुठे ४० मिनिटं लिहितात, कुठे तास. खरं कोणतं?

खर्च साधारण १५,००० रुपये धरतात. दादरच्या एका बंगल्यात सेट लावून सुमारे सात महिन्यांत काम उरकलं. लोक सिनेमात काम करणाऱ्याकडे वाकड्या नजरेनं पाहत, म्हणून फाळके आपल्या माणसांना सांगायचे, कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहे म्हणा.

लांबीचा घोळ सोपा आहे. चित्रपट ३,७०० फुटांचा होता. एका फुटात १६ चित्रं बसतात. मूकपटाच्या काळी सेकंदाला साधारण १६ चित्रं फिरवत, म्हणजे सेकंदाला एक फूट. हिशेब तासाभराचा येतो. आजच्या यंत्राच्या वेगानं, सेकंदाला २४ चित्रं लावून चालवलात तर तोच चित्रपट ४१ मिनिटांत संपतो. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर.

याच हिशेबानं एक गंमत सापडते. सुरतेला खेळ लागला तेव्हा पहिल्या दिवशी गल्ला जमला तीन रुपये. फाळक्यांनी जाहिरात बदलली : ५७,००० फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि सगळं फक्त तीन आण्यांत! गर्दी लोटली. आता ५७,००० भागिले १६ करून पाहा, ३,५०० फुटांच्या वर थोडं येतं. फोटोंचा आकडा खरा आहे. दोन मैल मात्र साफ थाप, पाऊण मैलही भरत नाही. शास्त्र्याचा मुलगा, पण तिकीट विकताना पक्का बाजारातला माणूस.

५. तारामतीचं काम पुरुषानं केलं म्हणते, खरं काय? बाई भेटलीच नाही का?

खरं आहे. अण्णा साळुंके नावाचा पोरगा ग्रँट रोडच्या एका खाणावळीत आचाऱ्याच्या हाताखाली होता. पगार दहा रुपये. फाळक्यांनी पंधरा देऊ केले आणि तारामती केली. त्याआधी बायकांना विचारून झालं होतं, कलावंतिणींच्या वस्तीतूनसुद्धा नकारच आले. दंडारीत पुरुषानं लुगडं नेसून उभं राहणं आपल्याकडे नवं नाही, त्यामुळे झाडीतल्या प्रेक्षकाला यात धक्का बसण्यासारखं काही नाही.

पण 'फाळक्यांच्या चित्रपटांत बायका नव्हत्या' असं सरसकट लिहू नका. पुढच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई, पुढच्या कमलाबाई गोखले, या दोघींनी कामं केली. ते साल १९१४. त्यानंतरही 'लंकादहन'मध्ये (१९१७) साळुंके परत दिसतात, तेही राम आणि सीता अशा दोन्ही भूमिकांत. पुढे हाच साळुंके कॅमेरामन झाला.

६. सरस्वतीबाईंनी फक्त दागिने दिले, की आणखी काही केलं?

दागिने हा त्यातला सगळ्यात लहान भाग. कच्ची फिल्म कोरी यायची. कडेला भोकं पाडल्याशिवाय ती कॅमेऱ्यात चालत नसे आणि उजेड लागला की संपली. हे भोकं पाडायचं काम त्या रात्री, अंधाऱ्या खोलीत, हाताच्या अंदाजानं करायच्या. फिल्म धुवायची रसायनं कालवायच्या. चित्रीकरणाच्या वेळी भर उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या, म्हणजे उजेड नटाच्या तोंडावर पडेल. आणि हे सगळं करून साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक! मोठा मुलगा भालचंद्र रोहिताश्व झाला, पुढे मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. म्हणजे नट, कामगार, आचारी आणि सावकार असं सगळं एका घरातून निघत होतं.

'राजा हरिश्चंद्र'ची निर्मिती दोघांची होती, असं आम्ही आमच्या फलकावर लिहितो. कुणाला पटत नसेल तर वाचनालयात येऊन भांडावं.

७. पहिला चित्रपट तोरण्यांचा ना? मास्तरांनी आमचं उत्तर चूक दिलं.

दादासाहेब तोरणे यांचा 'पुंडलिक' १८ मे १९१२ रोजी त्याच कॉरोनेशनला लागला, म्हणजे जवळपास वर्षभर आधी. यात वाद नाही. वाद आहे तो त्याला काय म्हणायचं यावर. 'पुंडलिक' हे रंगमंचावरचं नाटक कॅमेऱ्यात टिपलेलं होतं, कॅमेरा चालवणारा इंग्रज होता आणि फिल्म धुवायला लंडनला पाठवली होती. फाळक्यांनी गोष्ट कॅमेऱ्यासाठी रचली आणि चित्रीकरणापासून धुण्यापर्यंत सगळं इथल्याच माणसांकडून करून घेतलं. म्हणून 'पहिला पूर्ण लांबीचा भारतीय कथापट' हा मान 'हरिश्चंद्र'ला देतात. परीक्षेत तेच लिहा. पण तोरण्यांचं नाव घेणाऱ्या पोराला शून्य देणं बरं नाही.

८. मुंबई सोडून नाशिकला का गेले?

घर तिकडचं, राहणं स्वस्त, आणि पौराणिक चित्रपटाला लागणारे घाट, देवळं, नदी, डोंगर सगळं दाराशी. १९१३ सालीच मुक्काम हलवला. कंपनी एकत्र कुटुंबासारखी राहायची.

९. 'लंकादहन'चे पैसे बैलगाडीत भरून नेले, ही थाप आहे का?

मद्रासची गोष्ट अशी सांगतात : गल्ल्याची नाणी बंडीत घालून पोलीस बंदोबस्तात न्यावी लागली. ऐकायला अतिशयोक्त वाटतं, पण तिकिटं आण्यांची होती. आण्यांनी हजार रुपये मोजून पाहा, सोळा हजार नाणी होतात. पोत्यांशिवाय हलणार कशी? मुंबईत गिरगावात याच चित्रपटानं पहिल्या दहा दिवसांत ३२,००० रुपये आणले, असा आकडा दिला जातो. प्रश्न ४मधला पूर्ण चित्रपटाचा खर्च याच्याशेजारी ठेवून पाहा.

फाळके स्वतःही यंत्र, पडदा आणि फिल्मची पेटी बंडीत घालून गावोगाव खेळ करत. म्हणजे माल बनवणं आणि बाजारात नेऊन विकणं दोन्ही त्यांच्याच हातात. मधला दलाल नाही.

१०. मग एवढा पैसा येऊन शेवट हलाखीत का?

तीन कारणं सांगता येतात, पण आमच्या मते खरं एकच आहे.

पहिलं महायुद्धाचं. १९१४ला ते आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले, कौतुक झालं, तिथेच राहून चित्रपट काढायचं बोलावणंही आलं. नाशिकची माणसं वाऱ्यावर सोडायची नाहीत म्हणून ते नाकारलं. तेवढ्यात युद्ध पेटलं आणि इकडे पैसे लावणाऱ्यांनी हात आखडले. परत आले तेव्हा डोक्यावर कर्ज होतं.

दुसरं, आलेला पैसा ते पुढच्या चित्रपटात घालायचे. शिल्लक टाकणं स्वभावात नव्हतं.

तिसरं, आणि आमच्या मते मुळातलं, भागीदारी. 'लंकादहन' चालल्यावर भांडवलदार दारात आले. फाळक्यांची मोठी कंपनी उभी राहावी म्हणून लोकमान्य टिळकांनीही खटपट केली, ते जमलं नाही. शेवटी १९१८च्या सुरुवातीला वामन आपटे आणि मुंबईतल्या काही व्यापाऱ्यांबरोबर 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी' निघाली. पैसा त्यांचा, काम फाळक्यांचं. 'श्रीकृष्णजन्म' आणि 'कालियामर्दन' दोन्ही चालले, तरी कुरबुर सुरू झाली : खर्च फार होतो, वेळ फार लागतो. पैसे घालणाऱ्याच्या जागेवरून पाहिलं तर हे बोलणं अगदीच गैर नव्हतं. फाळक्यांना मात्र एकेका दृश्यावर कुणी हिशेब मागितलेला खपत नसे. ते कंपनी सोडून काशीला जाऊन बसले आणि नाटक लिहू लागले. १९२२ला परत आले, पण आता मालक म्हणून नव्हे. पुन्हा वाजलं, पुन्हा गेले, पुन्हा आले. १९३०नंतर लवकरच ती कंपनीही बंद झाली.

उसनवारीवर, बायकोच्या दागिन्यांवर, पोराबाळांना घेऊन काम करताना हा माणूस अजिंक्य होता. दुसऱ्याचा पैसा आणि दुसऱ्याचा शब्द आला की बिघडायचं. लोक हे 'भांडवलदारांनी कलावंताला नाडलं' असं सांगतात. आम्हाला ते अर्धंच पटतं.

११. विदर्भाशी त्यांचा काही संबंध आहे का? जिल्ह्याच्या स्मरणिकेत लिहायचं आहे.

एक धागा नक्की आहे. फाळके काशीला रुसून बसले असताना (प्रश्न १०) त्यांना परत आणण्यासाठी लेखणी चालवली ती 'संदेश'कार अच्युत बळवंत कोल्हटकरांनी. 'संदेश' हे वृत्तपत्र मुंबईचं, पण कोल्हटकरांची पत्रकारिता उभी राहिली नागपुरात, 'देशसेवक'मध्ये. त्यांनी फाळक्यांचं पत्र छापलं आणि वाचकांनी परत या म्हणून पत्रांचा पाऊस पाडला.

दुसरा धागा धंद्याचा. सिनेमाच्या व्यापारात आजही आपला भाग 'सीपी-बेरार' सर्किट म्हणून ओळखला जातो. मध्यप्रांत-वऱ्हाड हा प्रांत कधीच नकाशावरून गेला, पण वितरकांच्या वहीत राहिला. या भागातली वितरणाची मोठी पेठ म्हणजे अमरावती, आणि विदर्भाबाहेर भुसावळ.

१२. आमच्या आज्याच्या काळी गावात सिनेमा यायचा कसा? लाईट तर नव्हती.

तंबू घेऊन फिरणारे यायचे, पुढे त्यांनाच टुरिंग टॉकीज म्हणू लागले. हंगाम पावसाळा सरल्यावरचा. पीक घरात आलं, हातात चार पैसे खुळखुळले की मंडई, जत्रा, बाजार धरून मुक्काम. मूकपटाचं यंत्र हातानं फिरवत. एकच यंत्र असलं की रीळ संपल्यावर दुसरं चढवेपर्यंत अंधार आणि आरडाओरडा. पडद्यावर पाट्या यायच्या त्या वाचता येणारा एखादा मोठ्यानं वाचून दाखवी, म्हणून एक शहाणा आणि शंभर अडाणी अशा गावातही खेळ रंगायचा. गोष्ट तर सगळ्यांना कीर्तनातून पाठ. हनुमान शेपूट पेटवणार हे ठाऊक होतं, ती पेटलेली पाहायला लोक यायचे. पौराणिक विषय निवडण्यात भक्ती होती तशी ही व्यापारी अक्कलही होती.

१३. बोलपट आल्यावर काय झालं?

१४ मार्च १९३१ला 'आलम आरा' लागला आणि मूकपटाचा बाजार उठला. फाळक्यांचा 'सेतुबंधन' मूकपट म्हणून तयार झाला होता. त्याला मागाहून आवाज चढवावा लागला, त्यात आणखी पैसा गेला. खऱ्या अर्थानं त्यांचा बोलपट एकच, कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला 'गंगावतरण', १९३७. तेव्हा वय ६७. त्यानंतर चित्रपट नाही.

१४. त्यांचे सिनेमे आता पाहायला मिळतात का? 'हरिश्चंद्र' पूर्ण आहे का?

पूर्ण नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पहिलं आणि शेवटचं रीळ आहे. त्यातही मेख अशी की फाळक्यांनी हीच कथा १९१७ला पुन्हा चित्रित केली होती, आणि जे वाचलं आहे ते त्या दुसऱ्या आवृत्तीतलं असावं, असं अनेक अभ्यासक मानतात. तेव्हा मोबाईलवर तो तुकडा दाखवताना 'हा बघा १९१३चा' असं छातीठोक म्हणू नका.

'कालियामर्दन' बराचसा शाबूत आहे. पोरांना तोच दाखवा. छोट्या मंदाकिनीचा कृष्ण पाहून आमच्याकडची पोरं टाळ्या पिटतात. 'लंकादहन' आणि 'श्रीकृष्णजन्म'चे तुकडे आहेत, शिवाय चित्रपट कसा बनतो हे दाखवणारी एक छोटी फिल्म आहे, तीत फाळके स्वतः काम करताना दिसतात. बाकी गेलं. तेव्हाची फिल्म ज्वालाग्राही, जपून ठेवण्याची कुणाला फिकीर नाही, आणि जुनी रिळं चांदी काढायलाही वितळवली जायची.

१५. त्यात माणसं तुरुतुरु का पळतात? तेव्हाचे लोक असेच चालायचे का?

नाही हो. वेगाचा फरक आहे, प्रश्न ४ पाहा. लॅपटॉपवर दाखवत असाल तर प्लेअरमध्ये वेग पाऊणपटीच्या खाली आणा, चाल माणसासारखी होते.

१६. 'फाळके पुरस्कार मिळाला' अशा बातम्या दर महिन्याला येतात. एवढ्यांना कसा मिळतो?

केंद्र सरकारचा दादासाहेब फाळके पुरस्कार १९६९पासून आहे, पहिला देविका राणींना मिळाला, आणि तो राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांबरोबर दिला जातो. फाळक्यांचं नाव जोडून खासगी संस्थाही पुरस्कार वाटतात. त्यांचा याच्याशी संबंध नाही. हार घालण्याआधी प्रमाणपत्रावर कुणाची सही आहे ते बघावं.

१७. आमची वडशाकडे नाटक मंडळी आहे. सिनेमा काढायचा म्हणतो. फाळक्यांचं काय घ्यावं, काय टाकावं?

घ्यावं ते वाटाण्याचं झाड. म्हणजे पैसे मागायला जाण्याआधी पाच मिनिटांचं का होईना, चित्रित करून दाखवा. कागदावरच्या गोष्टीला गावातला धान्य-व्यापारी पैसा देत नाही, डोळ्यांनी पाहिलेल्याला देतो. दुसरं, खेळ स्वतः घेऊन फिरा. झाडीपट्टीत तुमच्याकडे प्रेक्षक तयार आहे, दिवाळीनंतरचा हंगाम आहे, शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतींच्या) गावांची यादी आहे, बयाणा घ्यायची पद्धत आहे. शहरातल्या निर्मात्याकडे यातलं काही नसतं.

टाकावी ती तोंडी भागीदारी. खर्चाला मंजुरी कुणाची, ठरल्यापेक्षा जास्त लागलं तर भरायचं कुणी, आणि मधेच कुणी निघाला तर नाव आणि माल कुणाचा, हे तीन मुद्दे स्टॅम्प पेपरवर घ्या. आणि घरातल्या बाईचे दागिने घेतले तर तिचं नाव पाटीवर निर्माती म्हणून टाका.

१८. गणपतीत मंडपात फाळक्यांचा सिनेमा दाखवला तर कुणाची परवानगी लागते?

आपल्या कायद्यानुसार चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. फाळक्यांचा शेवटचा चित्रपट १९३७चा, म्हणजे मूळ चित्रपटांवरचे हक्क कधीच संपले. अडचण दुसरीकडे आहे. इंटरनेटवरच्या अनेक प्रतींना कुणीतरी नवं संगीत जोडलेलं असतं, त्या संगीताचा हक्क जिवंत असू शकतो. सोपा उपाय म्हणजे आवाज बंद करून चित्रपट लावा आणि पेटी-तबला गावातल्या भजनी मंडळाकडून वाजवून घ्या. मंडपाची, ध्वनिक्षेपकाची आणि वेळेची पोलिसांकडची परवानगी नेहमीप्रमाणे वेगळी काढावी लागेल, त्यातून मूकपटालाही सूट नाही.